गळाला लागल्याची खबर

बाइट अलार्म हा मुळात एक स्विच असतो. पाण्याच्या तळाशी पडलेल्या आमिषाला माशाने तोंड लावले आणि दोरा सरकला, की काठावर बझर वाजतो आणि दिवा लागतो. मासा पकडण्यात त्याचा काही हात नसतो. गळ टाकून बसलेल्या माणसाची नजर दोऱ्यावरून मोकळी करायची, त्याला चहा करू द्यायचा, अंधारात जरा पाठ टेकू द्यायची, एवढ्यासाठी हे यंत्र निघाले. मात्र त्याच्यावर सोपवलेला निवाडा सोपा नाही. दोरा वाऱ्याने हलतो, पाण्याच्या ओढीने हलतो, शेवाळ अडकले की हलतो, आणि जवळून जाणाऱ्या माशाचा पर घासला तरी हलतो. यांतली कोणती हालचाल खबर म्हणून कळवायची आणि कोणती पोटात ठेवायची, हे ठरवण्याची प्रत्येक पिढीच्या अलार्मची रीत वेगळी आहे. जुने अलार्म जमवणाऱ्यांना खरी ओढ असते ती या फरकाची.

जुने म्हणजे साधारण १९५० ते १९९० या काळात, मुख्यतः इंग्लंडमध्ये तयार झालेले. कार्प जातीचे मोठे मासे रात्ररात्र बसून धरण्याचा नाद तिथे वाढला आणि त्याच्या पाठोपाठ हे यंत्रही वाढले. जयपूरसारख्या, वाळवंटाला लागून असलेल्या शहरात बसून या वस्तूंचा विचार करणे आधी अजब वाटते. पण छंदाचे तीन भाग वेगळे काढले – जमवणे, दुरुस्त करणे, वापरणे – तर पहिल्या दोन कामांसाठी हे शहर चांगलेच सोयीचे आहे. अडचण तिसऱ्याची आहे.

तर्जनी, घुंगरू, कणकेची गोळी

अलार्म नव्हता तेव्हा बोट होते. कोकणच्या जेटीवर गरवायला बसलेला माणूस अनेकदा काठीही वापरत नाही. शिसे बांधलेला दोरा पाण्यात सोडायचा, तर्जनीवरून ताणून धरायचा आणि बोटाच्या पेराला जे कळेल त्यावर भिस्त ठेवायची. लाटेचा हेलकावा, खेकड्याची कुरतड आणि माशाची ओढ या तिन्ही गोष्टी सरावलेले बोट चुटकीसरशी वेगळ्या काढते. आजवरच्या कोणत्याही यंत्राला हे तितके नीट जमलेले नाही. बोटाची मर्यादा एवढीच, की ते एका वेळी एकच दोरा सांभाळते आणि झोप लागली की निरुपयोगी होते.

तरंगा हा दुसरा उपाय. तो दिवसा उत्तम, पण तळाशी दूरवर टाकलेल्या आमिषासाठी अडचणीचा आणि अंधारात जवळजवळ बिनकामाचा. तिसरा उपाय घुंगराचा. काठीच्या टोकाला चिमट्याने छोटी पितळी घंटी किंवा घुंगरू लावायचे. टोक हलले की ते वाजते. भारतात तळाशी आमिष टाकून रोहू, मृगळची वाट पाहणारे हौशी लोक आजही हेच करतात. मुंबईला पाणी मिळावे म्हणून १८९१ मध्ये बांधलेला पवई तलाव पुढे पिण्याच्या पाण्यासाठी बाद ठरला, पण गळाच्या मासेमारीचे ते मोठे ठिकाण बनले. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे ठाणे तिथेच आहे. अशा तलावांवर घंटी पुरेशी ठरते, कारण माणूस काठीपासून फार लांब गेलेला नसतो.

घंटीचा दोष तिच्या जागेतच आहे. ती वाजायची तर काठीचे लवचीक टोक वाकले पाहिजे, म्हणजे माशाने तेवढा जोर लावला पाहिजे. कार्प कुळातला मासा आमिषावर झडप घालत नाही. तो पाण्यासकट ते तोंडात ओढतो, चाचपतो आणि संशय आला की थुंकून टाकतो. टोकाचा ताण जाणवला की संशय येतोच. त्यामुळे घंटी वाजेपर्यंत पुष्कळदा मासा निघून गेलेला असतो. माशाला काहीही न जाणवता माणसाला कळले पाहिजे, ही खरी गरज होती.

इंग्लंडमधल्या जुन्या मंडळींनी यावर साधी युक्ती काढली होती. रीळ आणि काठीची पहिली कडी यांच्या मधल्या दोऱ्याला थोडी ढील द्यायची आणि तिथे कणकेची किंवा पावाच्या लगद्याची गोळी चिकटवायची. दोरा ओढला गेला की गोळी वर चढते, दोऱ्याला ढील मिळाली की खाली येते. काठीला झटका दिला की ती गळून पडते, त्यामुळे पुढच्या झटापटीत तिची अडगळ होत नाही. रात्री गोळीऐवजी चांदीचा कागद गुंडाळत. अंधुक उजेडातही तो दिसतो. या युक्तीत सगळे काही होते. नव्हता तो फक्त आवाज.

वॉकरचा बझर

आवाजाची भर घातली रिचर्ड वॉकर यांनी. १९१८ साली जन्मलेले वॉकर इंजिनिअर होते. लेचवर्थला गवत कापण्याची यंत्रे बनवणाऱ्या घरच्या कारखान्यात ते काम करत, आणि मासेमारीचा प्रत्येक प्रश्न यंत्राचा प्रश्न म्हणून सोडवायची त्यांना खोड होती. कार्प पकडणे जवळजवळ अशक्य, असे त्या काळी मानले जाई. वॉकर आणि त्यांच्या मित्रांनी १९५१ मध्ये कार्प कॅचर्स क्लब काढला. १३ सप्टेंबर १९५२ च्या पहाटे हेरफर्डशरमधल्या रेडमायर तळ्यात वॉकर यांनी ४४ पौंडांचा, म्हणजे जवळपास २० किलोचा कार्प धरला. तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेला गेला, ‘क्लॅरिसा’ या नावाने प्रसिद्ध झाला आणि १९७१ पर्यंत जगला. त्या एका माशाने रात्रीच्या कार्प-मासेमारीला प्रतिष्ठा दिली आणि तिच्या सामग्रीला गिऱ्हाईक मिळवून दिले.

वॉकर यांच्या आराखड्यावरून जॅक ओपी यांनी विक्रीसाठी जो अलार्म बनवला त्याचे नाव ‘हेरॉन’. जमवणाऱ्यांच्या दृष्टीने कारखान्यात बनलेल्या अलार्मांची गोष्ट इथून सुरू होते. हेरॉनचे डोके काठीच्या पुढच्या टेकूवर बसते. त्यातून एक बारीक तार बाहेर आलेली असते. तिला अँटेना म्हणतात, पण रेडिओशी तिचा संबंध नाही. दोरा या तारेच्या बाजूने अडकवून ठेवायचा. मासा दोरा घेऊन निघाला की दोरा सरळ व्हायला बघतो आणि तारेला बाजूला ढकलतो. तारेचे आतले टोक एका संपर्कबिंदूला टेकते, वायरीने जोडलेल्या पेटीतल्या बॅटरीचे मंडल पूर्ण होते, बझर घरघरतो, बल्ब पेटतो. तार आणि संपर्क यांतले अंतर कमी-जास्त करायला एक स्क्रू असतो. यंत्राची सगळी अक्कल त्या स्क्रूच्या आट्यांमध्ये आहे.

अंतर केसाएवढे ठेवले तर वाऱ्याची झुळूकही बझर वाजवते. वाढवले तर माशाला दोरा जास्त ओढावा लागतो. शिवाय हेरॉनला एकाच दिशेची भाषा कळते. मासा काठाकडे पोहत आला तर दोरा ढिला पडतो, तार संपर्कापासून आणखी दूर जाते आणि यंत्र गप्प राहते. म्हणून हेरॉन वापरणाऱ्याला कणकेची गोळी किंवा चांदीचा कागद सोडता आला नाही. बझर आणि गोळी जोडीने चालत राहिली. तिसरी खोट अशी, की दोरा ताणलेला राहिला तर बझर एकसारखा वाजत राहतो. मासा जोरात पळतो आहे की इंचभर ओढून थांबला आहे, हे आवाजावरून कळत नाही. हेरॉन ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगतो.

सावलीवर चालणारे चाक

‘किती’ आणि ‘केवढ्या वेगाने’ या प्रश्नांचे उत्तर १९७० च्या दशकाच्या अखेरीस आले. डेलारीड या इंग्लिश कंपनीचा ‘ऑप्टॉनिक’ तारेऐवजी चाक वापरतो. दोरा एका छोट्या खोबणीदार चाकावरून जातो. चाकाच्या आसाला पाती असतात. पात्यांच्या एका बाजूला बारीक बल्ब आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश-संवेदक. दोरा सरकला की चाक फिरते, पाते उजेडाच्या आड येते आणि प्रत्येक आडकाठीला एक ‘बीप’ होतो. समजा चाकाचा घेर ४ सेंटिमीटर आहे आणि पाती दोन आहेत, तर दोरा २ सेंटिमीटर सरकल्यावर एक बीप. पाती चार केली तर सेंटिमीटरला एक. बीप तुटक आले तर मासा चाचपतो आहे. एकात एक मिसळून लांबलचक सूर झाला तर तो निघाला आहे. दोरा कुठल्याही दिशेने सरकला तरी चाक फिरतेच, त्यामुळे हेरॉनचा आंधळा कोपराही नाहीसा झाला.

सावली कुठे पडते यावरून मोजायचे, हे तत्त्व जयपूरला नवे नाही. जंतरमंतरमधले २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र त्यावरच उभे आहे. त्याची सावली सेकंदाला सुमारे १ मिलिमीटर सरकते. सूर्य हा बिंदू नसून बिंब असल्यामुळे तिथे सावलीची कड धूसर पडते आणि अचूकतेला तिथेच मर्यादा येते. ऑप्टॉनिकमध्येही बल्ब जागचा हलला किंवा काच काजळली की पात्याच्या सावलीची कड पसरते. मग यंत्र मधूनच बीप गाळते आणि दोष चाकाचा आहे असे उगाच वाटत राहते.

ऑप्टॉनिकची लोकप्रियता इतकी, की त्याच्यातल्या उणिवा भरून काढण्यावर एक वेगळा धंदा उभा राहिला. डेल रोमँग यांनी ऑप्टॉनिक उघडून त्यांची आतली मांडणी सुधारून द्यायला सुरुवात केली आणि त्यातून ‘डेलकिम’ हे नाव जन्मले. पुढे हीच कंपनी स्वतःचे अलार्म बनवू लागली. त्यांत दोऱ्याची थरथर पीझो संवेदकाने टिपली जाते आणि फिरणारे चाक लागतच नाही. ‘फॉक्स’सारख्या कंपन्यांनी दुसरी वाट धरली. नंतरच्या अनेक अलार्मांत चाकातच चुंबक बसवलेले असतात आणि पात्याऐवजी ते स्विच चालवतात. उजेड नाही, म्हणून बल्बही नाही.

अलार्म बदलत होते तशी मासेमारीही बदलली. १९७० च्या दशकात लोक दोऱ्याच्या बारीकशा धक्क्यालाही काठी उचलत; मासा पळण्याची वाट पाहणे म्हणजे त्याला थुंकायला वेळ देणे. १९८० च्या सुमारास लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांची ‘हेअर रिग’ आली. आमिष गळात खुपसण्याऐवजी गळामागे केसासारख्या धाग्याला लोंबते ठेवायचे. मासा आमिष तोंडात ओढतो आणि उघडा गळ आत जाऊन ओठाला लागतो. जड शिशाच्या जोडीने ही रचना वापरली की मासा दचकून स्वतःच पळतो. मग अलार्मचे काम बारीक धक्का ओळखण्याचे उरले नाही. पळणाऱ्या माशाची वर्दी झोपलेल्या माणसापर्यंत पोचवली की झाले. आजचे महागडे अलार्म चिमुकली हालचाल टिपण्याची जाहिरात करतात ती पुष्कळशी हौसेपोटी. हेअर रिगवरचा कार्प हेरॉनलाही पुरेसा जागा करतो.

काय जमवायचे, काय सोडायचे

या छंदात चकाकीला किंमत कमी आहे. पाहिले जाते ते पूर्णत्व. डोके, पेटी, दोन्हींना जोडणारी वायर, मूळ अँटेना, टेकूचे आटे, आणि नशीब असेल तर खोके आणि सूचनापत्र. हेरॉनची तार सर्वांत आधी हरवते, कारण ती काढता येते आणि खिशात वाकते. ऑप्टॉनिकमध्ये चाकाची खोबणी बघावी. वर्षानुवर्षे नायलॉन घासून तिला बारीक चर पडलेली असेल तर दोरा त्या चरीत रुततो आणि चाक न फिरता घसरतो.

हौशी लोकांनी घरी बनवलेले अलार्म हा वेगळाच, जास्त मजेचा प्रांत. तंबाखूच्या टिनात दारावरच्या घंटीचा बझर, स्विच म्हणून घासलेली पत्र्याची पट्टी, बॅटरी धरायला रबर. अशा वस्तूंवर नाव नसते, त्यामुळे त्या स्वस्त मिळतात. पण प्रश्न कसा सोडवला गेला हे त्यांत कारखान्याच्या मालापेक्षा जास्त स्पष्ट दिसते. संग्रह सुरू करणाऱ्याने एक हेरॉन, एक ऑप्टॉनिक आणि एक घरगुती डबा एवढे मिळवले तरी विषयाचा कणा हाती लागतो.

बदल केलेल्या वस्तूंविषयी मतभेद आहेत. मूळ मांडणी बदललेला ऑप्टॉनिक काहींना बाटलेला वाटतो. हा आग्रह फार ताणू नये. ऑप्टॉनिक सुधारून वापरणे हाच त्या काळातला रिवाज होता, आणि त्या काळच्या जाणत्या हाताने केलेला बदल हा इतिहासाचाच भाग. परवा कुणीतरी घाईने चिकटवलेला चिनी बझर ही मात्र निराळी गोष्ट. इंग्लंडहून भारतात वस्तू मागवताना बॅटरी आत राहू देऊ नये आणि तार सुटी गुंडाळून मागावी. वाटेत तुटते ती तीच.

दुरुस्तीचे टेबल

जुन्या अलार्मचा पहिला शत्रू त्याची स्वतःची बॅटरी. पेटीत विसरलेला सेल फुटून पाझरतो आणि पितळी पट्ट्या खाऊन टाकतो. पाझर कोणत्या सेलचा आहे हे आधी पाहावे लागते. जुन्या जस्त-कार्बन सेलचा पाझर आम्लधर्मी, त्याला खाण्याच्या सोड्याचे पाणी चालते. अल्कलाइन सेलमधून बाहेर येतो तो दाहक पोटॅश. त्याला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लागतो. उलटे केले तर गंज थांबत नाही. त्यानंतर स्वच्छ पाण्याचा बोळा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पूर्ण वाळवणे. या शेवटच्या पायरीत जयपूरची हवा कामाला येते. पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर हवा इतकी कोरडी, की कोकणात आठवडाभर ओल धरून बसणारी पेटी इथे दुपारभरात वाळते.

हेरॉन मुका झाला असेल तर दहांत नऊ वेळा दोष संपर्कबिंदूंचा असतो. झाकण काढून तार बोटाने हळूच ढकलली की दोन बिंदू एकमेकांना टेकताना दिसतात, तरीही मल्टिमीटर काही दाखवत नाही. बिंदूंवर काळपट साय चढलेली असते. इथे पॉलिश पेपर हाती घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. खरखरीत कागदाने मुलामा निघून जातो आणि राहिलेले चरे पुढच्या ठिणगीला जागा देतात. जाड कोऱ्या कागदाची अरुंद पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवायची, दोन बिंदूंमध्ये सरकवायची, तार हलकेच मिटायची आणि पट्टी ओढून काढायची. पट्टीवर काळी रेघ उमटते. नवी पट्टी, पुन्हा तेच. रेघ राखाडी होते, मग पुसट, मग दिसेनाशी. आता मीटरचा काटा शून्याकडे जातो, आणि बॅटरी जोडली की कित्येक वर्षे गप्प असलेला बझर पहिल्या प्रयत्नात घोगरा, दुसऱ्यात मोकळा वाजतो.

बिंदूच झिजून गेला असेल तर चांदीचा नवा ठोकावा लागतो. इतर शहरांत यासाठी शोधाशोध करावी लागते. जयपूरच्या जोहरी बाजारात आणि त्याच्या गल्ल्यांमध्ये चांदीचे काम करणारे हात मुबलक आहेत. मिलिमीटरभर जाडीच्या चांदीच्या तारेचा तुकडा आणि तो पितळेच्या पट्टीवर डाग देऊन बसवणे ही त्यांच्यासाठी किरकोळ बाब. शुद्ध चांदी विजेला उत्तम, पण मऊ. किंचित तांबे मिसळलेली जास्त टिकते. टेकूचे मोडलेले आटे किंवा पितळी गळपट्टी घडवायला त्रिपोलिया बाजाराच्या आसपास भांडी घडवणारे ठठेरे आहेत. मणिहारोंच्या रस्त्यावर बांगड्यांसाठी तापवली जाते ती लाखही उपयोगी पडते. तिचीच शुद्ध पापडी स्पिरिटमध्ये विरघळवली की बझरच्या वेटोळ्यावर देण्याचे वॉर्निश तयार होते. विजेच्या जुन्या सामानात हेच वापरत.

बझर वाजतो पण संपर्क पुन्हा पुन्हा काळवंडतात, याचे कारण वेटोळे. प्रवाह तुटताना वेटोळ्यातून उलटा धक्का येतो आणि ठिणगी पडते. संपर्कांच्या दोन बाजूंना एक लहान कपॅसिटर जोडला की ठिणगी मंदावते. ही भर लपवून ठेवू नये आणि डाग सोडवला की मूळ रूप परत यावे अशी करावी.

ऑप्टॉनिकची दुरुस्ती वेगळ्या जातीची आहे. इथे आधी बल्ब जातो, कारण अलार्म चालू असेपर्यंत तो जळतच असतो आणि बॅटरीही तोच खातो. त्याजागी एलईडी बसवणे सर्वमान्य आहे, पण रंगाचा विचार हवा. जुना संवेदक कॅडमियम सल्फाइडचा असेल तर त्याला हिरवा-पिवळा उजेड सर्वांत चांगला दिसतो. लाल एलईडी डोळ्यांना ठळक वाटला तरी त्याच्यासाठी फिका. एलईडीला सरळ बॅटरीवर जोडता येत नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीवर एलईडीचे २ व्होल्ट वजा केले की ७ उरतात. १० मिलिअँपिअर प्रवाह हवा तर ७०० ओहमचा अडसर लागतो, आणि बाजारात मिळणारा ६८० चा तिथे बसतो. संवेदकावर बाहेरचा उजेड पडू देऊ नये. खोके उघडे ठेवून ट्यूबलाइटखाली चाचणी केली तर यंत्र मूर्खासारखे वागते आणि चांगला भाग फेकून दिला जातो.

या कामाला लागणारी हत्यारे मिर्झा इस्माईल रोडलगतच्या जयंती मार्केटात रोजच्या वापरात आहेत. तिथले मोबाइल दुरुस्त करणारे सूक्ष्मदर्शकाखाली राईएवढे भाग गरम हवेने सोडवतात. त्यांच्या हाती ऑप्टॉनिकची पाटी दिली तर ती त्यांना राक्षसी वाटते. कठीण जाते ते दुसरेच: सिलिकॉन किंवा राळेत बुडवून बंद केलेली नंतरच्या काळातली यंत्रे. पाण्यापासून संरक्षण म्हणून केलेली ही सोय दुरुस्तीच्या आड येते. म्हणूनच १९५० च्या दशकातला हेरॉन आज सहज चालता होतो आणि त्याच्यापेक्षा पुष्कळ तरुण अलार्म कायमचा बंद पडतो.

उन्हाळा हा इथला तोटा. ४५ अंशांच्या दिवसांत बंद गाडीत ठेवलेल्या अलार्मचे प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकतात. धूळ चाकाच्या आसात जाते. तिथे शिवणयंत्राचे तेल घालायची सवय नडते. तेलावर धूळ बसून लगदा होतो. आस कोरडा, पुसलेला ठेवावा.

दुरुस्त झालेला अलार्म वाजतो म्हणजे बरा झाला असे नाही. किती ओढीला वाजतो हे मोजावे लागते. काठी टेकूंवर आडवी ठेवायची, दोरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका गुळगुळीत कप्पीवरून घ्यायचा आणि टोकाला कागदाचा द्रोण बांधायचा. द्रोणात स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोललेले नट एकेक करून टाकत जायचे. बझर वाजेल ते वजन डब्यावर लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी तेच वजन लागले तर यंत्र जागेवर आहे. जास्त लागले तर संपर्क किंवा चाक पुन्हा पाहावे.

पाण्यावर

वापरायची वेळ आली की जयपूरकराला शहर सोडावे लागते. रामगढ तलावावर १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती झाल्या होत्या. गेल्या सुमारे दोन दशकांत तिथे बहुतेक काळ कोरडा तळ दिसतो. जलमहालचा मानसागर भरलेला असतो, पण तिथे माशांशी लोकांचे नाते खाऊ घालण्याचे आहे. पाळीवर कणकेच्या गोळ्या विकत मिळतात आणि पुण्य म्हणून पाण्यात टाकल्या जातात. कार्पच्या आमिषाचीही तीच कृती आहे, ही गंमत बाजूला. जयपूरला पाणी पुरवणारे बनास नदीवरचे बिसलपूर धरण टोंक जिल्ह्यात, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. राजस्थानात जलाशयांचे मासेमारीचे ठेके दिले जातात, त्यामुळे मत्स्य विभागाची आणि ठेकेदाराची परवानगी आधी पाहावी लागते. १६ जून ते ३१ ऑगस्ट हा प्रजननाचा काळ बंदीचा. योगायोग असा, की इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा हंगाम परंपरेने १६ जूनलाच उघडतो, आणि जुनी सामग्री वापरणारे तिथले शौकीन त्या पहाटेला हेरॉन बाहेर काढतात.

अलार्म कोणत्या माशासाठी, हेही पाहायला हवे. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तळाला पडलेल्या आमिषाची राखण करणाऱ्या यंत्राला मृगळ जवळचा. ज्याच्यासाठी हे अलार्म मुळात बनले तो कार्पही परका राहिलेला नाही. तो १९३९ मध्ये श्रीलंकेहून निलगिरीत आणला गेला, १९५७ मध्ये बँकॉकहून त्याचा दुसरा वाण आला, आणि महाराष्ट्रातल्या धरणांवर तो आता ‘सायप्रिनस’ या नावाने सर्रास विकला जातो. महसीरची गोष्ट न्यारी. तो वाहत्या पाण्यात अशी काही झेप घेतो, की काठी हातात नसेल तर ती पाण्यात जाते. तिथे अलार्म हा खुळेपणा. शिवाय उदयपूरजवळच्या बडी तलावासारखी ठिकाणे महसीरसाठी राखीव आहेत. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्ले वाढवून सोडली, तीही गळासाठी नव्हेत.

मांडणीत मुख्य नियम एकच: काठीचे टोक थेट आमिषाच्या दिशेने. दोरा सरळ रेषेत असला तरच पाण्यातली सेंटिमीटरभर हालचाल काठावर सेंटिमीटरभर पोचते. कोन झाला की काठीच्या कड्यांवरचे घर्षण ती खाऊन टाकते. पुढच्या टेकूवर अलार्म, मागे साधा टेकू, आणि अलार्म व रीळ यांच्या मध्ये दोऱ्याला लोंबणारा हलका गोळा. हेरॉन असेल तर हा गोळा वीतभर खाली सोडावा. काठाकडे येणारा मासा त्याच्या घसरण्यावरूनच कळतो. ऑप्टॉनिकला तो किंचित जड हवा, नाहीतर बारीक दोरा चाक न फिरवता वरून निसटतो. रिळाचा दोरा मोकळा सुटेल अशी व्यवस्था हवीच. ती विसरली तर बझर वाजेल, पण पाठोपाठ काठी पाण्यात जाईल.

वारा सुटला की आधी काठीचे टोक पाण्यात बुडवावे, म्हणजे दोऱ्याचा हवेतला भाग संपतो. संवेदनशीलता कमी करणे हा त्यानंतरचा उपाय. नवशिके नेमके उलट करतात आणि मग वारा पडल्यावर स्क्रू पूर्ववत करायला विसरतात. पहिला तास यंत्राचे ऐकून नजर दोऱ्यावर ठेवावी. कोणत्या आवाजाला दोरा कसा हलतो हे त्या पाण्यापुरते एकदा कळले, की पुढे पाठ फिरवता येते. दूर जायचे नाही, हा मात्र शिष्टाचारही आहे आणि इंग्लंडमध्ये कायदाही. पाण्यातली काठी चटकन ताब्यात घेता येईल इतक्या अंतरावर माणूस असलाच पाहिजे. वेळेवर मिळालेल्या खबरीचा माशालाही उपयोग होतो. गळ ओठाला लागला असतानाच काठी उचलली तर तो सुखरूप सोडता येतो. उशीर झाला तर गळ घशात उतरलेला असतो.

आवाज शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही इतपत ठेवण्याची सोय हेरॉनमध्ये नाही. जुने लोक बझरच्या पेटीवर फडके गुंडाळत. ऑप्टॉनिकच्या लांब वायरीचा फायदा असा, की पेटी थेट उशाशी घेता येते आणि काठावर फक्त डोके राहते. हीच वायर जॅकपाशी वारंवार वाकून आतून तुटते आणि तिच्या तांब्यावर हिरवे किटण चढते. घरी परतल्यावर ती तपासावी, हिरवा भाग कापून चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे जावे आणि नव्याने डाग द्यावा. मग बॅटरी काढावी, चाकाची खोबणी मऊ ब्रशने झाडावी, आणि अलार्म सिलिका जेलच्या पुडीसह पत्र्याच्या डब्यात, घराच्या थंड बाजूच्या कपाटात ठेवावा.